बहिऱ्यांचे शिक्षक : अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल

टेलिफोनचा शोध कोणीं लावला, असा प्रश्न आमच्या शाळेच्या कोणत्याही वर्गांत जाऊन विचारिला, तर दहा-वीस हात एकदम वर होतील व अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल हें नांव ऐकूं येईल. परंतु तुमचा व्यवसाय कोणता, असें खुद्द बेल यांस कोणीं विचारिल्यास ते यंत्रशोधक असें न सांगतां बहिऱ्या मुलांचा शिक्षक असें सांगत, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते. टेलिफोन हा त्यांच्या जीवनवृक्षाचा एक फांटा होय. त्या वृक्षाचें मूळ मात्र शाळेंत, आणि तेंही ऐकूं न येणाऱ्या चिमुकल्या मुलांच्या शाळेंत रुजलेलें होतें. म्हणून त्यांच्या चरित्राचा हाच भाग आम्ही आज आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों. ज्याची जीभ अडखळते अथवा ज्याला शिक्षकाचें बोलणें नीट ऐकूं येत नाहीं, असें एखादें मूल पुष्कळ वर्गांत असतें. आणि त्याच्याकडे कोणत्या दृष्टीनें पाहावें, हें या चरित्रापासून शिकण्यासारखें आहे.

बेल यांचा जन्म स्कॉटलंडची राजधानी एडिंबरो येथें ३ मार्च १८४७ रोजीं झाला. वाणीचा अभ्यास हा या घराण्यांत वंशपरंपरेनेंच चालत आला होता. आजोबा अलेक्झांडर बेल हे तरुणपणीं चांभारकाम करीत. पुढें ते नाटकांत नट झाले व अखेरीस लंडन शहरीं शुद्ध उच्चार व वक्तृत्व शिकवूं लागले. तोतरेपणा घालविण्याचे उपायही ते शिकवीत. वडील अलेक्झांडर मेलव्हिल बेल यांनीं तोच व्यवसाय एडिंबरोस चालविला व त्यावर ग्रंथ लिहिले. आई एलायझा या चित्रकार होत्या व पियानो उत्तम वाजवीत. परंतु त्यांस हळूहळू ऐकूं येईनासें झालें. इतर माणसें त्यांच्या कर्णनलिकेंत मोठ्यानें ओरडत. पण लहानग्या अलेकनें निराळाच मार्ग शोधून काढिला. आईच्या कपाळाजवळ तोंड नेऊन तो अगदीं हलक्या, खोल आवाजांत बोले, आणि त्या आवाजाचें कंपन आईला समजे. बोटांनीं अक्षरें दाखविण्याची लिपिही तो शिकला, व घरीं पाहुणे बोलत बसले म्हणजे त्यांचें संभाषण आईजवळ बसून तिला बोटांनीं कळवीत असे. बहिरेपणा म्हणजे काय, हें त्याला पुस्तकांतून कळलें नाहीं. तें आईच्या सहवासांत कळलें.

पंधराव्या वर्षीं अलेक एक वर्षभर आजोबांपाशीं लंडनास राहिला, व त्या वृद्धाच्या शिस्तींत त्याला विद्येची खरी गोडी लागली. पुढें वडिलांनीं अलेकला व त्याच्या वडील भावाला एक बोलणारें यंत्र करून दाखविण्याचें आव्हान दिलें. भावांनीं घसा, टाळू, रबराची जीभ व ओंठ असें एक मस्तक तयार केलें. एकानें भात्याप्रमाणें फुंकर घालावी व दुसऱ्यानें ओंठ हालवावे. त्या मस्तकांतून आईला हांक मारणाऱ्या बालकाचा आवाज निघे, आणि तो ऐकून घरांत कोणाचें मूल रडत आहे हें पाहण्यास शेजारी धांवून आले! हा खेळ खरा. परंतु आवाज कोठें उत्पन्न होतो आणि कोणत्या अवयवानें त्यास आकार येतो, हें ज्ञान या खेळांतूनच पक्कें झालें.

सन १८६७ मध्यें वडिलांनीं ‘दृश्य वाणी’ नांवाची एक नवी लिपि ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. आमच्या विद्यार्थ्यांस ती समजण्यास कठीण पडूं नये. आपली वर्णमाला पाहा. क-वर्ग कंठांतून, च-वर्ग टाळूपासून, ट-वर्ग मूर्धेपासून, त-वर्ग दांतांपाशीं आणि प-वर्ग ओंठांतून, असा उच्चारस्थानांचा क्रम आपल्या पूर्वजांनीं लाविलेला आहे. परंतु ‘क’ या अक्षराच्या आकृतीकडे पाहून जीभ कोठें न्यावी तें समजत नाहीं. मेलव्हिल बेल यांच्या लिपींत अक्षराची आकृतिच तें सांगे. घोड्याच्या नालासारखें एक चिन्ह ज्या बाजूस वळविलेलें असेल त्यावरून जिभेचा कोणता भाग किंवा ओंठ उच्चारांत वापरावा हें कळे, व त्यांत एक लहान रेघ काढिली म्हणजे कंठांत नाद उत्पन्न करावा असा अर्थ होई. भर सभेंत मुलांस बाहेर पाठवीत; मग श्रोत्यांनीं हवा तो शब्द अथवा चमत्कारिक आवाज करावा व मेलव्हिल बेल यांनीं तो चिन्हांत लिहावा. नंतर मुलें आंत येऊन केवळ चिन्हें वाचून तोच आवाज काढीत. एकदां तर लांकूड करवतीनें कापतांना होणारा आवाजही अलेकनें असाच वाचून दाखविला, व आपण काय वाचलें हें श्रोत्यांच्या टाळ्या पडेपर्यंत त्याचें त्यालाच कळलें नव्हतें.

यावरून एक मोठी कल्पना निघाली. जो आवाज कधींही ऐकलेला नाहीं तो जर डोळ्यांनीं वाचून काढितां येतो, तर ज्याला जन्मापासून कांहींच ऐकूं आलें नाहीं त्यालाही तो कां काढितां येऊं नये? सन १८६८ मध्यें लंडन येथें सुझॅना हल या बाईंच्या खासगी शाळेंतील बहिऱ्या मुलींवर अलेकनें हा प्रयोग प्रथम करून पाहिला व त्यास यश आलें. येथून पुढें बेल यांस त्यांचें जीवितकार्य सांपडलें.

परंतु घरावर मोठें संकट कोसळलें. धाकटा भाऊ एडवर्ड १८६७ सालीं व वडील भाऊ मेलव्हिल १८७० सालीं क्षयानें मरण पावला. अलेकचीही प्रकृति खालावूं लागली. उरलेला एकुलता मुलगा वांचावा म्हणून आईबापांनीं जमलेला व्यवसाय सोडिला आणि १८७० च्या उन्हाळ्यांत कॅनडांतील ब्रँटफर्ड गांवाजवळ बिऱ्हाड केलें. तेथील मोकळ्या हवेंत तो सुधारला. पुढील वर्षीं, म्हणजे एप्रिल १८७१ मध्यें, अमेरिकेंतील बोस्टन शहरांतल्या बहिऱ्या मुलांच्या सरकारी शाळेंतून त्यास बोलावणें आलें. शाळेच्या मुख्य शिक्षिका सॅरा फुलर यांस व त्यांच्या साहाय्यक शिक्षिकांस दृश्य वाणी शिकवावयाची होती. बेल यांचें वय त्या वेळीं अवघें चोवीस वर्षांचें होतें.

बहिऱ्या मुलाला बोलावयास शिकविणें किती कठीण आहे, याची कल्पना ज्यांस ऐकूं येतें त्यांस सहसा येत नाहीं. ‘पार’, ‘बार’ आणि ‘मार’ हे तीन शब्द आरशापुढें उभे राहून आवाज न करितां उच्चारून पाहा. ओंठांची हालचाल तिन्ही वेळां सारखीच दिसेल. मग केवळ ओंठांकडे पाहणाऱ्या मुलानें ते ओळखावे कसे, आणि आपल्या तोंडून काढावे तरी कसे? बेल मुलाचा एक हात आपल्या गळ्यावर व दुसरा त्याच्याच गळ्यावर ठेवीत, म्हणजे नाद कोठें आहे व कोठें नाहीं हें त्यास स्पर्शानें कळे. फळ्यावर ते मनुष्याच्या चेहऱ्याची आकृति काढीत, तिच्यांतील जीभ, ओंठ व गळा दाखवीत, आणि बाकीच्या रेघा पुसून टाकीत. जें उरे तेंच दृश्य वाणीचें अक्षर होई. अशा रीतीनें ज्यांच्या तोंडून आजवर अर्थशून्य आवाजच निघत होते त्या मुलांच्या जिभेवर एकेक वर्ण येऊं लागला.

हें वाचितांना मार्ककृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायांतील एका बहिऱ्या व तोतऱ्या मनुष्याचें आम्हांस स्मरण होतें. प्रभूनें त्याला गर्दीतून बाजूला, एकांतांत नेलें, त्याच्या कानांत बोटें घातलीं व जिभेला स्पर्श केला. प्रभूचा चमत्कार आम्हां मनुष्यांच्या हातीं नाहीं. परंतु गर्दींतून एकाला बाजूला घेणें, त्याच्याकडे एकट्याकडे लक्ष देणें व ज्या ठिकाणीं त्याचें उणें आहे तेथेंच मायेनें हात लावणें, एवढें तर शिक्षकाच्या हातीं खास आहे. बेल यांनीं तेंच केलें.

बोस्टननंतर नॉर्थॅम्प्टन येथील क्लार्क शाळा व हार्टफर्ड येथील जुनी संस्था यांतही त्यांनीं शिक्षकांस तयार केलें. १८७२ सालीं त्यांनीं बोस्टनमध्यें स्वतःचा वर्ग काढिला. त्यांत बहिऱ्यांचे शिक्षक येत, तसेच तोतरे बोलणारे व उच्चारांत दोष असणारे विद्यार्थीही येत. पुढील वर्षीं बोस्टन विद्यापीठानें त्यांस वाणीच्या शरीरशास्त्राचा अध्यापक नेमिलें. त्यांच्या शिष्यांत जॉर्ज सँडर्स नांवाचा एक जन्मतःच बहिरा, पांच वर्षांचा मुलगा होता. त्याच्यासाठीं बेल यांनीं एका हातमोज्यावर सारीं मुळाक्षरें लिहिलीं. मोजा हातीं घातला म्हणजे बोटांवरील अक्षरांस क्रमानें स्पर्श करून शब्द होत, आणि बाळ व गुरु कोठेंही, अगदीं रस्त्यानें चालतांनाही, एकमेकांशीं बोलूं शकत. मुलाच्या आजीच्या घरीं, सेलम गांवीं, बेल राहावयास गेले. दिवसां बोस्टनांत शिकवावें, संध्याकाळीं जॉर्जला शिकवावें व रात्रीं विजेच्या तारांवर प्रयोग करावे, असा त्यांचा क्रम पडला.

टेलिफोनचा जन्म या क्रमांतूनच झाला. बहिऱ्या मुलांस आपला उच्चार डोळ्यांनीं पाहतां यावा म्हणून बेल यांनीं १८७४ सालीं मृत मनुष्याच्या कानाचा पडदा व त्यांतील हाडें घेऊन एक यंत्र केलें. पडद्यापुढें बोललें म्हणजे हाडांस जोडलेली काडी काजळी धरलेल्या कांचेवर आवाजाची नागमोडी रेघ काढी. एवढासा पातळ पडदा जर हाडें हालवूं शकतो, तर तसाच एक पडदा विजेच्या प्रवाहाला कां हालवूं शकणार नाहीं, असा विचार त्यांच्या मनांत आला. प्रयोगांस पैसा पुरविणारे दोघे गृहस्थही या शाळेमुळेंच जोडले गेले होते : एक जॉर्जचे वडील थॉमस सँडर्स, व दुसरे गार्डिनर हबर्ड, ज्यांची कन्या मेबेल लहानपणीं आलेल्या तापामुळें बहिरी झाली होती व बेल यांची शिष्या होती. ७ मार्च १८७६ रोजीं टेलिफोनचें पेटंट मिळालें, आणि तीनच दिवसांनीं शेजारच्या खोलींतील साहाय्यक वॉटसन यांस तारेंतून बेल यांचें बोलणें स्पष्ट ऐकूं आलें. पुढील वर्षीं, ११ जुलै १८७७ रोजीं, मेबेल व बेल यांचा विवाह झाला. टेलिफोन कंपनींतील आपल्या भागांपैकीं केवळ दहा भाग स्वतःकडे ठेवून बाकीचे सारे बेल यांनीं वधूला अहेर म्हणून दिले. ज्या यंत्रानें सारें जग बोलूं लागलें तें यंत्र त्यांच्या आईला व पत्नीला कधींच उपयोगी पडावयाचें नव्हतें, हें मनांत आलें म्हणजे अंतःकरण भरून येतें.

कीर्ति व पैसा मिळाल्यावर पुष्कळ माणसें जुना धंदा विसरतात. बेल विसरले नाहींत. फ्रान्सच्या सरकारनें १८८० सालीं त्यांस ५०,००० फ्रँकांचें व्होल्टा पारितोषिक दिलें. तो पैसा त्यांनीं प्रयोगशाळेंत घातला, व तेथील शोधांतून मिळालेल्या उत्पन्नांतून १८८७ सालीं वॉशिंग्टन येथें बहिरेपणाविषयींच्या ज्ञानाचा प्रसार करणारी व्होल्टा ब्यूरो ही संस्था स्थापिली. १८९० मध्यें बहिऱ्यांस वाणी शिकविणाऱ्यांची एक मंडळीही त्यांनीं उभारिली. ऐकण्याची शक्ति किती आहे हें मोजण्याचें यंत्र त्यांनीं तयार केलें; आवाजाचें माप ‘डेसिबेल’ या नांवानें जगभर चालतें, त्यांत त्यांचेंच नांव गोंविलेलें आहे.

अमेरिकेच्या दक्षिणेंतील एक गृहस्थ आपली सहा वर्षांची आंधळी व बहिरी मुलगी घेऊन वॉशिंग्टनला त्यांच्या भेटीस आले. ती मुलगी म्हणजे हेलन केलर. बेल यांनीं तिला मांडीवर घेतलें व तिच्या वडिलांस बोस्टनच्या पर्किन्स अंधशाळेकडे पत्र लिहावयास सांगितलें. त्या पत्राचें फळ म्हणून ॲन सुलिव्हन ही शिक्षिका ३ मार्च १८८७ रोजीं हेलनच्या घरीं पोहोंचली. पुढें १८९० मध्यें हेलनला बोलण्याचे पहिले धडे ज्यांनीं दिले त्या सॅरा फुलर म्हणजे एकोणीस वर्षांपूर्वीं बेल यांच्याकडून दृश्य वाणी शिकलेल्याच बाई होत. एका शिक्षकानें पेरलेलें बीं कोठें व केव्हां उगवेल याचा नेम नसतो. हेलननें आपलें आत्मचरित्र १९०३ सालीं बेल यांसच अर्पण केलें.

येथवर जें लिहिलें तें सर्व गौरवाचें आहे. परंतु चरित्र म्हणजे स्तुतिस्तोत्र नव्हे, व सत्य लपविणें हें ख्रिस्ती शिक्षकास शोभत नाहीं. बहिऱ्यांनीं बोलावें, या ध्यासापायीं बेल यांनीं त्यांच्या खुणांच्या भाषेला शाळेंतून बाहेर घालविण्याचा पक्ष घेतला. १८८० सालीं इटलींतील मिलान शहरीं भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेनें केवळ मुखानें बोलण्याचीच पद्धति चालवावी असा ठराव केला होता, आणि त्यानंतर अनेक देशांतील शाळांत मुलांनीं हातांनीं खुणा करणें हा अपराध ठरला. जे शिक्षक स्वतः बहिरे होते त्यांपैकीं पुष्कळांच्या नोकऱ्या गेल्या. बेल यांचें अमेरिकेंतील वजन याच बाजूस पडलें. त्यांचे प्रतिस्पर्धी एडवर्ड गॅलॉडेट यांचें म्हणणें असें होतें कीं ज्यांस वाणी साधेल त्यांस ती शिकवावी, पण खुणांची भाषा कोणाचीच हिरावून घेऊं नये. गॅलॉडेट यांची आईही बहिरीच होती! दोघे पुत्र दोन बहिऱ्या मातांच्या मांडीवर वाढले, आणि दोघांनीं दोन निराळे धडे घेतले. बेल यांच्या आईला लहानपणीं ऐकूं येत होतें व ती बोलत असे. गॅलॉडेट यांची आई खुणांनींच आपलें मन उघड करी. आम्हांस वाटतें, ज्याचा जसा अनुभव तसा त्याचा सिद्धान्त झाला. आणि आपला अनुभव हाच सर्वांचा असें मानण्यांत बेल चुकले.

१८८३ सालीं त्यांनीं एका निबंधांत याहूनही पुढचें मत मांडिलें. बहिऱ्यांनीं बहिऱ्यांशीं विवाह केल्यास बहिऱ्या मनुष्यांची एक निराळी जातच निर्माण होईल, अशी भीति त्यांनीं व्यक्त केली. वस्तुतः बहुतेक बहिरीं मुलें ऐकूं येणाऱ्या आईबापांच्या पोटींच जन्मास येतात. या निबंधानें बहिऱ्यांच्या मनास जी जखम झाली ती त्यांच्या समाजांत अद्यापि भरलेली नाहीं. पुढें १९६० मध्यें विल्यम स्टोको या अध्यापकानें खुणांच्या भाषेला स्वतःचें व्याकरण असून ती पूर्ण भाषा आहे हें दाखवून दिलें. आणि २०१० सालीं व्हँकूव्हर येथें भरलेल्या जागतिक परिषदेनें मिलानचे ठराव नाकारून त्यांबद्दल खेद प्रदर्शित केला. दृश्य वाणीची लिपिही लहान मुलांस जड जाते असें आढळून आल्यानें शाळांतून मागें पडली. टिकून राहिलें तें तिच्यामागील तत्त्व : वाणी ही अवयवांची क्रिया आहे, ती समजून घेतां येते आणि धीरानें शिकवितां येते. आज शाळांतून मुलांच्या बोलण्यावर जे उपचार होतात त्यांचा एक पाया हाच आहे.

बेल यांचें देहावसान २ ऑगस्ट १९२२ रोजीं कॅनडांतील नोव्हा स्कोशिया प्रांतीं, बॅडेक गांवाजवळील त्यांच्या राहत्या घरीं झालें. दफनाच्या वेळीं उत्तर अमेरिकेंतील सारे टेलिफोन एक मिनिटभर मुके ठेवण्यांत आले. मेबेलबाई पुढच्याच जानेवारींत निवर्तल्या.

आमच्या मुंबई इलाख्यांतही हें कार्य लवकर सुरू झालें होतें. १८८० नंतरच्या दहा वर्षांत रोमन कॅथलिक बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकारानें मुंबईस बहिऱ्या-मुक्यांची शाळा निघाली. ती हिंदुस्थानांतील अशा शाळांत आद्य गणली जाते. १९८३ सालीं वांद्रें येथें अली यावर जंग यांच्या नांवानें वाणी व श्रवण यांची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली, आणि २०१५ मध्यें दिल्लीस भारतीय खुणांच्या भाषेच्या संशोधनाचें केंद्र उघडलें. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यांत जीं एकवीस व्यंगें गणलेलीं आहेत त्यांत बहिरेपणाप्रमाणेंच वाणी व भाषा यांच्या व्यंगाचाही समावेश आहे. म्हणजे ज्या मुलाची वाणी अडते त्याला मदत मागण्याचा हक्क आहे. ती कोणाची मेहेरबानी नव्हे.

पालकहो, आपलें मूल मागून हांक मारिली असतां वळून पाहत नसेल, किंवा दोन वर्षांचें होऊनही शब्द बोलत नसेल, तर बोलेल सावकाश, असें म्हणून वाट पाहूं नका. त्याच्या कानांची तपासणी करवा. भाषा शिकण्याचीं खरीं वर्षें अगदीं पहिलीं असतात, आणि तीं गेलीं कीं परत येत नाहींत. मग तें मूल मुखानें बोलो वा हातांनीं, त्याला भाषा मिळाली म्हणजे झालें. शाळेंत जाणारें मूल कावळ्यास तावळा म्हणत असेल, तर त्याच्या बोबड्या बोलांचें कौतुकही नको व थट्टाही नको. वाचा-उपचार जाणणाऱ्या तज्ज्ञास दाखवा. आणि व्यंग लाजिरवाणें समजून मुलाला पाहुण्यांपासून लपवूं तर नकाच नका.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यासाठीं काम याहून सोपें आहे. वर्गांतील जो सोबती अडखळत बोलतो त्याचें वाक्य तुम्ही पुरें करूं नका, त्याची नक्कल करूं नका, घाई करूं नका. त्याच्याकडे पाहून शेवटपर्यंत ऐका. ज्याला कमी ऐकूं येतें त्याला पहिल्या बांकावर जागा द्या व त्याच्याशीं तोंड समोर करून बोला. एका मुलानें आईच्या कपाळाशीं तोंड नेऊन हळू बोलण्याची युक्ति काढिली, तेव्हां त्याला कोणीं शिकविलें नव्हतें. आईशीं बोलावें एवढीच त्याची इच्छा होती. तशी इच्छा परमेश्वर आपणां सर्वांच्या अंतःकरणीं उत्पन्न करो.